वर्गाचा कवितासंग्रह आणि शिक्षकाची लेखणी

शाळांतून निघणाऱ्या मुलांच्या कवितासंग्रहांकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही. त्यांचे कौतुक होते, परीक्षण होत नाही. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होते, दोघी-तिघी मुली आपापल्या कविता म्हणून दाखवितात, टाळ्या पडतात आणि उरलेल्या प्रती मुख्याध्यापकांच्या कपाटात जातात. अशा एका कपाटाचा राखणदार या नात्याने मला असे म्हणावेसे वाटते की, या संग्रहांना कौतुकापेक्षा परीक्षणाची गरज अधिक आहे. मात्र ते परीक्षण मुलांचे करावयाचे नाही. मुलांच्या ओळींवरून मोठ्यांची जी लेखणी फिरते, तिचे करावयाचे आहे.

लहान वयात कविता करणारा म्हटला की मराठी रसिकाला १९०७ सालचे जळगावचे कविसंमेलन आठवते. १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना तेथेच 'बालकवी' ही पदवी मिळाली. ती योग्य माणसाला मिळाली, याविषयी दुमत नाही. परंतु तेव्हापासून बालवयातील कवितेचा विचार करताना आपण नकळत असा एखादा ठोमरे शोधू लागतो. वर्गाचा संग्रह ही वस्तू मुळातच वेगळी आहे. सहावी ते आठवीच्या वर्गात चाळीस मुले असली, तर त्यांत एकही कवी नसण्याचा संभव मोठा. तरीही त्या चाळिसांनी मिळून केलेले पुस्तक वाचनीय होऊ शकते. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना जगाविषयी जे दिसलेले असते, ते त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाला त्या जागेवरून दिसत नाही, एवढेच त्याचे कारण.

हस्तलिखितांची परंपरा आपल्याकडे नवी नव्हे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालविले आणि पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढले. ते दैनिक स्वतः गुरुजी आपल्या हाताने लिहीत. रोज, हाताने, मुलांच्या कल्याणासाठी! त्यामागची तळमळ नाकारण्याची माझी प्राज्ञा नाही. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने पाहिले तर तेथे लेखक शिक्षक आहे आणि विद्यार्थी वाचक आहे. गुरुजींच्या मागे आलेल्या आम्हा सामान्य शिक्षकांनी त्यांची तळमळ फारशी उचलली नाही. शिक्षकाने लिहावे आणि मुलाने खाली सही करावी, एवढे मात्र आपण बिनबोभाट चालू ठेवले.

त्याच सुमारास, १९२४ मध्ये, फ्रान्सच्या दक्षिणेकडील बार-सुर-लू या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या प्राथमिक शिक्षकाने वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणून बसविले. मुले आपला मजकूर वाचून दाखवीत. कोणता छापावयाचा, ते वर्ग मतांनी ठरवी. निवडलेला मजकूर फळ्यावर लिहिला जाई आणि लेखकाच्या समक्ष सगळा वर्ग तो सुधारी. नंतर मुलेच शिशाचे खिळे जुळवीत. मला यात छपाईपेक्षा फळा महत्त्वाचा वाटतो. दुरुस्ती तेथेही होतीच, पण ती उघड होती आणि ज्याची ओळ बदलावयाची तो समोर उभा असे. त्याने 'नाही' म्हटले तर ते ऐकावे लागे. शिवाय एकेक अक्षर उचलून बसवावयाचे म्हटले की विशेषणे आपोआप कमी होतात, हा लाभ निराळाच.

आपल्या संग्रहांत काय दिसते? पाऊस, आई, तिरंगा, परी आणि पुन्हा पाऊस. हा पाऊसही आपल्याकडचा नसतो. इंदूरच्या मुलाच्या कवितेत नारळीची झाडे डोलतात, सागर गर्जतो आणि कौलांवरून पागोळ्या गळतात. त्याच्या अंगणात मात्र माळव्याची काळी माती पायाला गोळ्यागोळ्यांनी चिकटत असते आणि राजवाड्याच्या बाजूला रंगपंचमीची 'गेर' निघते तेव्हा तो वडिलांच्या खांद्यावर बसून चिंब झालेला असतो. ते कवितेत येत नाही, कारण पाठ्यपुस्तकातील कवितेत ते त्याला भेटलेले नाही. यमकाचा जाच याच्या जोडीला असतोच. 'पाणी'नंतर 'गाणी' आणि 'गाणी'नंतर 'राणी' येणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. वाईट हे की लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. अमेरिकन कवी केनेथ कोक याने १९६८ पासून न्यूयॉर्कच्या एका प्राथमिक शाळेत मुलांकडून कविता लिहवून घेतल्या. यमकाचा आग्रह त्याने बाजूला ठेवला आणि प्रत्येक ओळीचा आरंभ 'मला वाटते' अशासारख्या इच्छेच्या शब्दांनी करावयास सांगितले. १९७० मध्ये त्यांचे पुस्तक झाले. या युक्तीचाही पुढे साचा होतो, हे खरे. पण यमकाच्या साच्यापेक्षा तो सैल आहे.

खरा प्रश्न भाषेचा आहे, आणि इंदुरात तो अधिक टोचतो. या नगरीत मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन वेळा भरले, तेव्हा मराठी येथे पाहुणी आहे असे कोणी म्हणू नये. परंतु येथील मराठी घरांतील बहुतेक मुले आज हिंदी वा इंग्रजी माध्यमातून शिकतात आणि त्यांच्या मराठीत हिंदी शब्द सहज मिसळतात. असा मुलगा 'छतावर' पतंग उडवितो, ठेल्यावर 'भुट्टा' खातो. कविता शिक्षकाच्या हाती गेली की 'छत'ची 'गच्ची' होते आणि 'भुट्ट्या'चे 'कणीस'. पहिल्या बदलात दोन मात्रांच्या जागी चार येऊन ओळ लंगडते. दुसऱ्यात मात्रा चारच्या चार राहतात. शिक्षक समाधानी होतो. पण ठेल्यावरचा धूर, लिंबू चोळणारा हात आणि दहा रुपयांवरून घातलेली हुज्जत ही सारी 'भुट्टा' या शब्दाला चिकटलेली असतात. 'कणीस' शेतात उभे राहते. मुलाने खाल्लेली वस्तू कवितेतून नाहीशी झाली आणि शब्दकोशातील वस्तू तेथे येऊन बसली.

भाषा बिघडेल, अशी धास्ती आमचे भाषाशिक्षक बाळगतात. ती मी हसण्यावारी नेत नाही. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला ती असणारच. परंतु १९५२ साली बहिणाबाई चौधरींची गाणी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने छापून निघाली, ती खानदेशी बोलीत. ती टिपून ठेवणाऱ्या सोपानदेवांनी, स्वतः कवी असूनही, आईचे शब्द पुण्याच्या वळणावर नेले नाहीत. मराठी त्यामुळे बिघडली नाही, श्रीमंत झाली. ऱ्हस्वदीर्घ अवश्य तपासावे, ते मुद्रणाचे काम आहे. शब्द बदलावयाचा असेल तर तो फळ्यावर, लेखकासमोर बदलावा.

निवडीत आणखी एक अडचण येते आणि तिचे उत्तर छंदःशास्त्रात नाही. बाराव्या वर्षी मूल खरे लिहू लागले की ते घरातले लिहिते: रात्रीची भांडणे, वडिलांचे पिणे, आजीचे उपचार थांबल्याचे. संग्रहातील सर्वांत सरस कविता बहुधा यांपैकीच एखादी असते आणि तोच संग्रह दुसऱ्या दिवशी त्या घरी वाचला जावयाचा असतो. अशा वेळी शिक्षक दोनच मार्ग जाणतो: कविता गाळणे, किंवा शेवटी 'तरी माझे घर छान' अशी ओळ जोडून ती छापणे. दुसरा मार्ग मला पहिल्यापेक्षा अधिक निंद्य वाटतो. तिसराही मार्ग आहे. कविता छापावी की नाही, नावानिशी की नावाविना, हे त्या मुलाने ठरवावे आणि तोपर्यंत ती त्याच्याच वहीत राहावी. यामुळे संग्रहातील उत्तम कविता कधीकधी वाचकाला मिळणार नाही. न मिळो.

प्रस्तावनांविषयी थोडक्यात सांगतो. मुलांची कविता आठ ओळींची आणि मान्यवरांचा शुभसंदेश दोन पानांचा, सोबत छायाचित्र, हे प्रमाण उलटे झाले पाहिजे. त्या पानांवर वर्गातील राहिलेल्या चार मुलांच्या कविता मावतील. 'जमल्या नाहीत' म्हणून त्या गळालेल्या असतात. चाळिसांपैकी छत्तिसांचा संग्रह निघाला म्हणजे उरलेल्या चौघांना त्या दिवशी काय वाटते, ते प्रकाशन समारंभात मागच्या बाकावर पाहिले की कळते.

आणि प्रती कपाटात ठेवू नयेत. शाळेच्या ग्रंथालयात किंमत नसलेल्या पुस्तकाला दाखल क्रमांक देत नाहीत, अशी सबब मी अनेक ठिकाणी ऐकली आहे. किंमत एक रुपया छापावी, क्रमांक द्यावा आणि तांबे, बालकवी ज्या फळीवर आहेत, त्याच फळीवर तो संग्रह ठेवावा. पुढच्या वर्षीच्या सहावीला तो घरी नेता आला पाहिजे.