राज्य कधी येणार?

रेडीचा यशवंतगड १८१९ मध्ये इंग्रजांकडे गेला. शेजारचा तेरेखोल किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला आणि १९६१ पर्यंत राखला. राजांच्या राज्याला अशी तारीख असते, हे या मुलखाला चांगले ठाऊक आहे. रोमच्या अमलाखाली जगणाऱ्या परूशांनी, म्हणजे त्या यहुदी पंथाच्या लोकांनी, येशूला देवाच्या राज्याचीही अशीच तारीख विचारली, यात नवल नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू ती सांगत नाही. अमुक ठिकाणी पाहा म्हणून बोट दाखवता येईल असे हे राज्य नव्हे. ते तुमच्यातच आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय. पण लूकची खरी कारागिरी आहे ती प्रसंगांच्या मांडणीत. या प्रश्नाच्या लगेच आधी दहा कुष्ठरोगी बरे होतात. त्यांतला एकच परत येऊन येशूच्या पायांवर पडतो, आणि तो निघतो परका, शोमरोनी. त्याच्या पाठोपाठ प्रश्न येतो: राज्य कधी? ते नुकतेच डोळ्यांदेखत येऊन गेले, असे लूक कुठेही म्हणत नाही. वाचकाला मात्र ते दिसते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. मला ते याच पानाचे जगून केलेले वाचन वाटते.

मग येशू शिष्यांकडे वळतो, येणाऱ्या दिवसाबद्दल बोलू लागतो आणि सूर पालटतो. आता आभाळभर लखलखणारी वीज येते, नोहा आणि लोट येतात. त्यांच्या काळची माणसे काय करत होती? खातपीत होती, घरे बांधत होती, लावणी करत होती, आणि त्यातच नाश कोसळला. पापांची यादी इथे नाहीच, आणि म्हणूनच हा उतारा अंगावर येतो. दोघी एका जात्यावर दळत असतात. एक घेतली जाते, दुसरी मागे राहते. परूशांनी ‘कधी’ विचारले होते, शिष्य ‘कुठे’ विचारतात. त्यांनाही ठिकाण कळत नाही. ऐकायला मिळते ते प्रेत आणि त्याभोवती जमणारी गिधाडे.

आधीच आलेले राज्य आणि अवचित कोसळणारा दिवस, यांतले एक खरे ठरवून दुसरे सोडून देणारे अर्थ मला पटत नाहीत. मार्कच्या चौथ्या अध्यायातल्या छोट्या दाखल्यात दोन्ही एकत्र नांदतात. शेतकरी पेरतो, निजतो, उठतो. आधी पाते, मग कणीस, मग भरलेला दाणा. हे घडते कसे, ते त्याला उमगत नाही. पण पीक तयार झाले की विळा घालायला तो क्षणाचाही उशीर करत नाही.