छातीवरचे उंदीर

सुपरहिरोची निम्मी ओळख त्याच्या छातीवर असते. बॅटमॅनच्या छातीवर वटवाघूळ, स्पायडरमॅनच्या छातीवर कोळी. तो प्राणी दिसला की अंगातलं बळ कळतं, बाकीचं काम सिनेमा करतो. हास्यचित्रकार शि. द. फडणीसांनी 'मोहिनी' मासिकाच्या १९५२च्या मुखपृष्ठावर हीच गोष्ट विनोदासाठी किती हलक्या हाताने वापरली, ते आज सुपरहिरोंच्या सिनेमांवर गमतीची चित्रं काढणाऱ्यांनी एकदा निरखून बघावं. चित्रात एक तरुण आणि एक तरुणी आहेत. त्याच्या शर्टावर उंदीर, तिच्या साडीवर मांजरं. चित्राखाली एक अक्षर नाही.

आधी मांजरं कोणाच्या अंगावर आहेत ते पाहा. अदलाबदल करून बघा, म्हणजे तरुणाच्या अंगावर मांजरं आणि तरुणीच्या अंगावर उंदीर. चित्र लगेच आडदांड होतं, त्यात छेडछाडीचा वास येतो. फडणीसांनी शिकारीची बाजू तिच्याकडे दिली आणि सगळं प्रकरण निर्मळ झालं. अनोळखी मुलीशेजारी उभ्या राहिलेल्या मुलाची जी घालमेल होते, ती सांगायला त्याच्या चेहऱ्याची गरजच उरली नाही, ती शर्टावर छापलेली आहे. एवढ्या एका निवडीत चित्रकाराची सगळी सभ्यता दिसते.

दुसरी खुबी संख्येची. शर्टावर एकच उंदीर असता तर तो बिल्ला झाला असता, सुपरहिरोच्या चिन्हासारखा, आणि आपण त्याचा अर्थ शोधत बसलो असतो. पुष्कळ उंदीर आले की ती कापडाची नक्षी होते. नक्षीकडे कोणी संशयाने बघत नाही, दुकानात तसं छापील कापड मिळतंच. म्हणून पहिल्या नजरेला चित्र अगदी साधं वाटतं, दोन माणसं उभी आहेत, एवढंच. दुसऱ्या नजरेला कापड बोलायला लागतं. या दोन नजरांमधल्या क्षणभरात हसू फुटतं, आणि तो क्षण नेमका किती लांबीचा असावा हे फडणीसांच्या स्वच्छ, न थरथरणाऱ्या रेषेला पक्कं ठाऊक आहे. रेषेने जरा जास्त लाडीगोडी केली असती, तर गंमत आधीच फुटली असती.

तिसरी गोष्ट काळाची. तेव्हा मासिकाचं मुखपृष्ठ म्हणजे देखणी स्त्री, हे समीकरण दलाल, मुळगावकर या चित्रकारांच्या कुंचल्याने पक्कं झालं होतं. फडणीसांनी ते मोडलं नाही. साडीतली तरुणी जागच्या जागी ठेवली, फक्त साडीचं कापड बदललं! वाचकाला सवयीचं ते सगळं मिळालं आणि सवयीबाहेरचंही. विनोदात हा संयम मला फार मोठा वाटतो.

फडणीसांचा जन्म १९२५चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचा, आणि शाळा कोल्हापूरची. त्या कोल्हापुरात आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांनी डोळ्याला यथार्थ चित्रणाची शिस्त लावली होती. पराक्रमी नायकही याच गावाने पडद्यावर आणला. पेंटरांच्या १९२०च्या 'सैरंध्री' या सिनेमातला, भीमाच्या हातून होणारा कीचकवध इतका खरा वाटला, की त्याला सेन्सॉरची कात्री लागली. भीमाच्या बाहूंचं कौतुक करणाऱ्या गावात वाढलेल्या मुलाने पुढे उंदरांच्या शर्टातला भिडस्त तरुण काढावा, याचा मला कोण आनंद होतो. यथार्थ चित्रणाची ती शिस्त मात्र त्याला इथे कामी आली. माणसं आणि कपडे विश्वास बसावा असे असले, तरच कापडावरची मांजरं खरी वाटतात.

आणि या चित्रात दुसराही एक हात आहे, संपादक अनंत अंतरकरांचा. 'हंस', 'नवल', 'मोहिनी' ही तिन्ही मासिकं चालवणाऱ्या या माणसाने रंगीत मुखपृष्ठ हास्यचित्राला दिलं आणि त्याखाली समजावणीची ओळ टाकली नाही. शब्दांवर जगणाऱ्या संपादकाने शब्द आवरायचे, हे सोपं नव्हे. जोडीने चित्र करताना लेखकाकडच्या माणसाचा मोठा वाटा पुष्कळदा असाच असतो, काय लिहायचं नाही हे ठरवण्याचा. आणि लेखकाचा वाटा कोणताही असो, तो सहसा दिसत नाही. बॅटमॅनचंच बघा. १९३९ साली तो आला तेव्हा नाव बॉब केन या चित्रकाराचं लागलं. टोप, लोंबता झगा, अंधारी मुद्रा सुचवणाऱ्या बिल फिंगर या लेखकाला निर्माता म्हणून अधिकृत श्रेय मिळायला २०१५ उजाडलं.

पुढे फडणीसांनी पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'साठी चित्रं काढली, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची रेषा पोचली. दोन्हीकडे मजकूर दुसऱ्याचा होता, आणि पोरं गणिताचं पुस्तक पहिल्या दिवशी आधी चित्रांसाठी चाळायची.