खाली मोकळी सोडलेली जाळी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने खंडाळ्याहून खाली उतरताना कड्यांवर तारेची जाळी दिसते. तिथे गाडी थांबवता येत नाही, थांबवूही नये. शेजारच्या सीटवरून जे दिसेल ते पाहून घ्यायचं. जाळीची कारागिरी कळायला आधी कडा वाचावा लागतो.

सह्याद्रीचा कातळ एकसंध नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा, मातकट पट्टा राहिला. तो पावसाने झिजत आत जातो. वरचा काळा कातळ कठीण खरा, पण भेगांनी चिरलेला. खालचा आधार सरला की त्याचे तुकडे सुटतात. असा दगड पन्नास मीटरवरून सरळ खाली आला, तर रस्त्याशी त्याचा वेग ताशी ११० किलोमीटर भरतो. एवढ्या वेगाची मुभा या मार्गावर मोटारीलाही नाही. २०१५च्या जुलैत याच मार्गावरच्या आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली आणि दोघांचा जीव गेला.

आता जाळी. तिचं घर षटकोनी, आणि जिथे दोन तारा भेटतात तिथे दुहेरी पीळ. सगळं मर्म या पिळात आहे. कुंपणाच्या साध्या जाळीत एक तार तुटली की विणकाम उसवत जातं. इथे पीळ ते तिथल्या तिथे रोखतो. तुटणं गृहीत धरून विणलेली वस्तू मला फार आवडते.

काही ठिकाणी जाळी सळयांनी कातळाला जागोजागी आवळतात. काही ठिकाणी ती फक्त माथ्यावर, पोलादी दोरखंडाला बांधून पदरासारखी खाली सोडतात, तळाशी मोकळी. माझं मन या दुसरीत रमतं. ती डोंगराला धरून ठेवण्याचा आव आणत नाही. दगड सुटू देते, फक्त त्याला कड्यालगत घासत, वेग गमावत पायथ्याच्या चरात उतरवते. शॉटक्रीटने, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटने, लिंपलेला कडा मात्र मला कोंदट वाटतो. पाण्याला वाट ठेवली नाही, तर मागे साचलेलं पाणीच तो लेप ढकलतं.

चराचं शास्त्र अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या महामार्ग खात्यातल्या आर्थर रिचींनी बसवलं. उतारांवरून खरेखुरे दगड सोडून ते कसे येतात हे त्यांनी पाहिलं आणि १९६३ मध्ये मांडलं. जवळजवळ उभ्या कड्यावरून दगड पायथ्याशीच पडतो, सौम्य उतारावर घरंगळतो; मधल्या उतारावर मात्र टप्पे खात दूर उडतो. म्हणजे कडा थोडा कलता कापला की रस्ता सुरक्षित झाला, हा समज भाबडा. रिचींच्या चराचा तळ सपाट आणि रस्त्याकडची बाजू खडी असते, घरंगळत आलेल्या दगडाला ती चढता येऊ नये म्हणून.

पण चर उपसला नाही, तर दगड-मातीने भरून त्याचाच उतार होतो आणि पुढचा दगड त्यावरून थेट रस्त्यावर येतो. आवळलेल्या जाळीचंही तसंच: आत सुटलेले दगड साचून तिला पोट सुटतं आणि त्याचा भार सळयांवर येतो. म्हणून पावसाळ्यानंतर घाट उतरताना मी आधी ही पोटं शोधतो, पिळाचं कौतुक मग.