रिफामायसिनकारी जंतूचे नामांतर : जीनोमाधिष्ठित वर्गीकरणाची चिकित्सा

मृत्तिकेतील प्रतिजैविककारी जंतूंचे वर्गीकरण जीनोमच्या अनुक्रमावरून नव्याने मांडण्याचे कार्य गेल्या दोन दशकांत झपाट्याने पुढे गेले आहे. त्यायोगे जुना गोंधळ पुष्कळसा निस्तरला, हे निर्विवाद होय. परंतु या पद्धतीने नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचा विचार व्हावा तितका होत नाही. प्रस्तुत लेखात एका जंतूच्या नामांतराच्या आधारे तो करावयाचा आहे.

हा जंतू म्हणजे रिफामायसिनचा जनक. १९५७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेंट राफाएल येथील मातीतून मिलानच्या लेपेतित कंपनीच्या संशोधकांनी तो मिळविला. क्षयरोगाच्या उपचाराचा आधारस्तंभ ठरलेले रिफॅम्पिसिन त्याच्याच उत्पादनापासून घडविलेले आहे. १९६० साली त्याला 'स्ट्रेप्टोमायसीस मेडिटेरॅनी' असे नाव मिळाले. पुढे पेशीभित्तिकेच्या रासायनिक परीक्षणाने या नावास बाध आला. स्ट्रेप्टोमायसीसमध्ये डायअमिनोपिमेलिक अम्लाचे एलएल-रूप असते. येथे मेसो-रूप आढळले, आणि त्याच्या जोडीला अरॅबिनोज व गॅलॅक्टोज या शर्कराही. म्हणून १९६९ साली त्याची नोकार्डिया वंशात रवानगी झाली. परंतु नोकार्डियाचे लक्षण मानलेली मायकोलिक अम्ले त्याच्या ठायी नव्हती. तेव्हा १९८६ साली 'अमायकोलाटॉप्सिस' हा नवा वंश स्थापून त्यास तेथे स्थान देण्यात आले. वंशाच्या नावातच त्या अम्लांचा अभाव सूचित आहे. अखेर २००४ साली दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह असे दाखवून दिले की, 'मेडिटेरॅनी' म्हणून जतन केलेल्या वाणांपैकी डीएसएम ४६०९५ हा वाण स्वतंत्र जातीचा आहे. त्या जातीला त्यांनी 'अमायकोलाटॉप्सिस रिफामायसिनिका' असे नाव दिले.

ही सारी स्थलांतरे संपूर्ण जीनोम हाती येण्यापूर्वीची आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०१० साली अमायकोलाटॉप्सिस मेडिटेरॅनीच्या यू-३२ या वाणाचा जीनोम प्रसिद्ध झाला. तो सुमारे १ कोटी २ लाख बेसजोड्यांचा असून त्याचे गुणसूत्र वर्तुळाकार आहे. स्ट्रेप्टोमायसीसचे मात्र रेषाकार असते. अर्थात पेशीभित्तिकेच्या साक्षीने काढलेला निष्कर्ष जीनोमने खोटा पाडला नाही, तर पक्का केला. जुन्या पद्धती म्हणजे केवळ चाचपडणे होते, असे आज सर्रास म्हटले जाते. हे उदाहरण त्या मताला पुष्टी देत नाही.

आता जातीच्या सीमारेषेकडे वळू. दोन जीनोममधील सरासरी साम्य ९५ ते ९६ टक्क्यांहून कमी असल्यास त्या दोन जाती समजाव्यात, हा नियम सध्या रूढ आहे. आकड्याच्या नेमकेपणामुळे तो निसर्गानेच आखून दिल्यासारखा भासतो. वस्तुतः हा आकडा डीएनए-संकरणाच्या ७० टक्के मर्यादेशी जुळवून घेतलेला आहे. ती मर्यादा १९८७ साली तज्ज्ञांच्या समितीने सुचविली, आणि तीही पूर्वी अन्य लक्षणांवरून मान्य झालेल्या जातींशी मेळ बसावा अशा बेताने. म्हणजे नवा गज जुन्याच गजावर मापून घेतलेला आहे. मापन अधिक सूक्ष्म झाले व प्रयोगशाळा बदलली तरी ते बदलत नाही, हा मोठाच लाभ होय. परंतु सूक्ष्म मापन म्हणजे जातीची व्याख्या नव्हे. ९४.८ आणि ९५.२ या आकड्यांच्या बळावर दोन वाणांची ताटातूट करणाऱ्या प्रबंधांत हा विवेक सुटलेला दिसतो.

याहून गंभीर आक्षेप नावासंबंधी आहे. 'रिफामायसिनिका' हे नाव ऐकताच रिफामायसिन हे त्या जातीचे व्यवच्छेदक लक्षण असावे असा समज होतो. परंतु मेडिटेरॅनीही रिफामायसिन निर्माण करते. इतकेच नव्हे, तर सागरतळाच्या गाळात राहणारी, सर्वस्वी निराळ्या कुलातील सॅलिनिस्पोरा अरेनिकोला ही जातीदेखील रिफामायसिने निर्माण करते. प्रतिजैविकाची जनुके गुणसूत्रावर एकत्र गुच्छाने असतात आणि असे गुच्छ एका वंशातून दुसऱ्यात जाऊ शकतात. म्हणून नाते आणि उत्पादन या दोन स्वतंत्र बाबी होत. समग्र जीनोमची तुलना नात्याविषयी बोलते. औषधाविषयी बोलतो तो गुच्छ. जीनोममुळेच हा भेद स्पष्ट झाला असताना नामकरणात तोच पुसला जावा, हे विसंगत आहे.

या विसंगतीचे मोल नव्या औषधांच्या शोधात मोजावे लागते. मातीतून मिळालेला वाण 'परिचित जातीचा' ठरला की तो बाजूला टाकण्याकडे कल असतो. पण २००२ साली स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर ए३(२) या सर्वाधिक अभ्यासिलेल्या वाणाचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात असे २० हून अधिक गुच्छ आढळले. त्यांपैकी मोजक्यांचीच उत्पादने तोवर ठाऊक होती. गंमत अशी की, वर्गीकरणशास्त्राच्या कसोटीवर हा वाण 'सीलिकलर' नव्हेच. तो 'व्हायोलेसिओरूबर' या जातीत मोडतो. नाव चुकले तरी वाणाचा क्रमांक कायम राहिला, म्हणूनच अनेक दशकांचे संशोधन एकमेकांशी जोडलेले राहिले.

यावरून अभ्यासकांनी तीन पथ्ये पाळणे इष्ट होय. जातीच्या नावासोबत वाणाचा संग्रह-क्रमांक व पूर्वीची नावे अवश्य द्यावीत. सीमारेषेलगतचा निर्णय केवळ एका आकड्यावर न सोडता त्यास पेशीरसायन व वाढीची लक्षणे यांची जोड द्यावी. आणि जातीचा निर्णय झाला तरी जनुकगुच्छांचा तपास स्वतंत्रपणे करावा. जीनोमने वर्गीकरणाला भक्कम पाया दिला, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, पाया म्हणजे इमारत नव्हे. ती विवेकानेच उभारावी लागते.