बेटांचे गणित आणि बेटांवरचे जीव

रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांच्या ‘द थिअरी ऑफ आयलंड बायोजिऑग्राफी’ (१९६७) या पुस्तकाने परिसरशास्त्राला गणिताची शिस्त लावली. त्यातील मूळ कल्पना सोपी आहे. बेटावर बाहेरून नव्या जाती येत असतात, काही जाती तेथून नाहीशा होत असतात. हे येणे-जाणे सारखे झाले की जातींची संख्या स्थिरावते. बेट मोठे आणि मुख्य भूमीजवळ असेल, तर ही संख्या जास्त. विल्सन आणि सिम्बरलॉफ यांनी फ्लोरिडातील सहा चिमुकल्या खारफुटी बेटांवरचे कीटक विषारी धुरीने मारून हे तपासले. वर्षभरातच बहुतेक बेटांवर जातींची संख्या जवळजवळ पूर्ववत झाली. पुढे राखीव जंगल केवढे असावे हे ठरवतानाही हेच गणित वापरले जाऊ लागले.

माझा आक्षेप या वापराला आहे. ग्रेट निकोबारचे उदाहरण घेऊ. हे बेट सुमारे १,००० चौ. कि. मी.चे, २०११ मध्ये वस्ती जेमतेम ८ हजार. येथे कॅम्पबेल बे आणि गलाथिया ही दोन राष्ट्रीय उद्याने आहेत. २०२२ साली पर्यावरण-मंजुरी मिळालेल्या बंदर, विमानतळ व नगर प्रकल्पासाठी सुमारे १३० चौ. कि. मी. वनजमीन लागणार आहे. म्हणजे ८७ टक्के क्षेत्र उरले असे धरू. जातींची संख्या क्षेत्रफळाच्या पाव घाताच्या प्रमाणात बदलते असे मानले, तर ०.८७ चे दोनदा वर्गमूळ काढावे. विद्यार्थ्यांनी करून पाहावे : उत्तर सुमारे ०.९७ येते. घट फक्त तीन-साडेतीन टक्के!

पण कोणत्या जातींची? गणित ते सांगत नाही. बंदर होणार गलाथियाच्या उपसागरात. तेथील अभयारण्याचा दर्जा २०२१ मध्ये रद्द झाला. लेदरबॅक या सर्वांत मोठ्या समुद्री कासवाच्या भारतातील प्रमुख विणीच्या जागांपैकी ही एक. निकोबारी मेगापोड पक्षीही किनाऱ्यालगतच वाळू-पाचोळ्याचे ढीग रचतो आणि त्यांच्या उबेवर अंडी उबवली जातात. वरच्या डोंगरातले जंगल राखून या दोघांची सोय होत नाही.

फ्लोरिडातील बेटांवर कीटक परतले, कारण जवळच्या किनाऱ्यावर ते होते. तरीही संख्या जुळली, जाती सगळ्या जुन्याच नव्हत्या. मेगापोड तर निकोबार बेटांखेरीज जगात कोठेच नाही. तो येणार कोठून?

पुस्तक जरूर शिकवावे. मात्र उत्तराचा आकडा फळ्यावर लिहून झाल्यावर, त्या आकड्यात कोण कोण आहे, हेही वर्गात विचारावे.