‘सिंहासन’मध्ये मतदार कुठे आहे?

जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ १९७९ मध्ये आला. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, मुख्यमंत्री अरुण सरनाईक आणि त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री श्रीराम लागू. आज मोबाइलवर पाहिला तरी तो ताजा वाटतो. कारण साधं आहे. त्यात सगळा वेळ आमदार मोजले जातात. मतदाराला कुणी काही विचारत नाही.

जून २०२२ मध्ये आपण तेच पाहिलं. आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला, आणि त्यांच्यासोबत आपलं मतही गेलं. नवं विधानसभा मतदान झालं नोव्हेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात राज्य लोकप्रतिनिधींचंच होतं. ते लोकांचं होतं का?

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात बसून या प्रश्नाला घाईने ‘नाही’ म्हणता येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. प्रत्येक प्रौढाला मत मिळालं ते थेट १९५१-५२ च्या निवडणुकीत. ते मत क्षुल्लक समजणं मला परवडत नाही.

मग ग्रामसभा हीच खरी लोकशाही का? ऐकायला छान वाटतं. पण ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत आंबेडकरांनी खेड्याच्या कौतुकाला रोखठोक विरोध केला होता. ज्याच्या शेतात मजुरीला जायचं, त्याच्यासमोर हात वर करून विरोध कोण नोंदवणार?

वाट मला दिसते ती ‘आडव्या बाटली’त. दारूचं दुकान बंद करायचं असेल तर महाराष्ट्रात महिलांचं गुप्त मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. सासू, नवरा, सरपंच, कुणालाच कळत नाही कोणी काय केलं. मात्र अट कडक आहे: एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. आमदाराला तशी अट नाही, दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त मिळालं की झालं. म्हणजे एक दुकान हटवणं आमदार निवडण्यापेक्षा अवघड!

इथे ‘सिंहासन’ मला अपुरा वाटतो. शेवटी पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले, वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू अंगावर काटा आणतं. पण आपल्याला प्रेक्षक करून सोडतं. सत्तेचा खेळ मुंबईतच होतो आणि तो फक्त पाहायचा असतो, हे चित्रपटानेही धरूनच चाललेलं आहे.

प्रतिनिधी हवेतच, सगळेच रोज मुंबईला जाऊ शकत नाहीत. पण पाच वर्षांत एकदाच विचारणं ही अर्धी लोकशाही. मधल्या काळात, न घाबरता, गुप्तपणे ‘नको’ म्हणता येणं ही उरलेली अर्धी. बाटलीबाबत तो हक्क आहे. पक्ष बदलणाऱ्या आमदाराबाबत का नसावा?