‘इंडस’ : डूख धरणारा खेळ

कादंबरी, काव्यसंग्रह, क्वचित एखादे नाटक यांच्या परीक्षणांना सरावलेल्या वाचकांना या पृष्ठांवर बंदुकीच्या खेळाचे परीक्षण पाहून थोडे नवल वाटेल. परंतु आपल्या घरातील मुले आज ज्या कथांत रमतात त्या पुष्कळदा छापील नसतात. बोटांनी खेळायच्या असतात. त्यांच्याकडे पालकाची धास्ती क्षणभर बाजूला ठेवून समीक्षकाच्या नजरेने पाहावे, असे आम्हांस वाटले.

निमित्त ‘इंडस’चे. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने तो तयार केला आणि 16 ऑक्टोबर 2024 रोजी तो मोबाइलवर खुला झाला. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचा कन्सोल आमच्या बोरगाव मेघेत मोजक्याच घरांत. नेमबाजीचा खेळ इकडे येतो तो फोनवरून. नव्वदीच्या दशकात ज्यांच्या घरी तसला डबा होता, त्यांना प्लास्टिकच्या बंदुकीने पडद्यावरची बदके टिपण्याचा निन्टेन्डोचा खेळ आठवत असेल. नेम चुकला की गवतातून एक कुत्रा डोके वर काढून हसत असे. बदके मात्र उलट गोळी झाडीत नसत.

‘इंडस’ ज्या जातीचा खेळ आहे तिला ‘बॅटल रॉयल’ म्हणतात. हे नाव 2000 सालच्या एका जपानी चित्रपटावरून रूढ झाले. शाळकरी मुलांना बेटावर सोडून एकच उरेपर्यंत परस्परांना मारावयास लावले जाते, असे त्याचे कथानक. तिथे ही गोष्ट भयकथा म्हणून सांगितली होती. खेळांनी तिचा सांगाडा उचलला आणि भय गाळून टाकले. 2017 पासून ‘पबजी’ने हा सांगाडा घरोघरी नेला. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र शासनाने त्या खेळाच्या मोबाइल आवृत्तीवर बंदी घातली, आणि ‘आपला’ असा खेळ हवा ही हाक जोरात ऐकू येऊ लागली. त्या हाकेला पुण्याने दिलेले हे उत्तर.

उत्तर देखणे आहे, यात शंका नाही. विरलोक नावाच्या भूमीवर खेळाडू उतरतो. सर-ताज, मोर-नी अशी पात्रांची नावे आहेत. शब्दांची ही मोडतोड आम्हांस गमतीची वाटली. भविष्यकाळ म्हटला की तो न्यूयॉर्कसारखाच दिसला पाहिजे, ही समजूत या मंडळींनी झुगारली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण पोशाख देशी झाला तरी हाडे तीच राहिली. रिकाम्या हाताने उतरायचे, शस्त्रे वेचायची, रिंगण आवळत जाते, माणसे कमी होत जातात. मोर-नीच्या जागी एखादी मेरी असती तरी सामन्यात काय बदलले असते?

अशा खेळांबाबत ख्रिस्ती समाजाने यापूर्वी आवाज उठविला आहे. सोनीच्या प्लेस्टेशन 3 वरील ‘रेझिस्टन्स : फॉल ऑफ मॅन’ या 2006 सालच्या खेळात मँचेस्टर कॅथीड्रलच्या अंतर्भागात गोळीबार दाखविला होता. 2007 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने त्यास हरकत घेतली. ज्या शहरात बंदुकीने तरुण मुले मरत आहेत तिथे हा खेळ बेजबाबदार आहे, असे तेथील धर्माधिकाऱ्यांचे म्हणणे होते. अखेर सोनीने दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षीच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी करमणुकीच्या नावाखाली हिंसेचा गौरव करणाऱ्या चित्रफिती व व्हिडिओ खेळ यांना विकृती म्हटले. ती हरकत आणि तो संदेश दोन्ही आम्हांस मान्य आहेत. तथापि ‘इंडस’मधली जी गोष्ट आम्हांस खरोखर खुपली, ती गोळी नव्हे.

या खेळात ‘ग्रज’ नावाची एक सोय आहे. ज्या प्रतिस्पर्ध्याने आपल्याला मारले त्याच्यावर डूख धरायचा आणि पुढे गाठून हिशेब चुकता करायचा. बुद्धिबळात हरलेला मनुष्यही मनात डूख धरतो, पण पट त्याची नोंद ठेवीत नाही. इथे खेळच ती नोंद ठेवतो. आमचा भाचा दहावीत आहे. कोणा अनोळखी मुलाने त्याला पाडताच तो दातओठ खात म्हणाला, “मामा, याले सोडत नाही आता.” गोळी लागलेला गडी पुढच्या सामन्यात उठून उभा राहतो, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते, मरण लटके आहे. डूख मात्र लटका नाही. तो खऱ्या मुलाच्या खऱ्या मनात असतो आणि दुसऱ्या टोकालाही कोणाचा तरी भाचाच बसलेला असतो. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची जी अट आपण रोज स्वतःवर घालून घेतो, तिच्या नेमकी उलट ही सोय आहे.

आणि तरीही हा खेळ आम्ही हातावेगळा करू शकलो नाही, याचे कारण ‘कॉस्मियम’. सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात हे अद्भुत द्रव्य प्रकट होते. ते ज्याने हस्तगत केले तो जिंकला, मग इतर जिवंत असोत वा नसोत. ‘एकच उरेल’ या जपानी कथेतील क्रूर नियमाला पुण्याने इथे खिंडार पाडले आहे. संपूर्ण खेळातील ही खरी कल्पकता. ती आणखी धीटपणे वापरावयास हवी होती. द्रव्यापर्यंत पोहोचायचे तर गोळ्या झाडतच जावे लागते, त्यामुळे खिंडार अरुंद राहिले आहे.

आमच्या जिल्ह्यात एका अंगाला सेवाग्राम आहे, जिथे 1936 साली गांधीजी राहावयास आले. दुसऱ्या अंगाला पुलगावचे दारूगोळा भांडार. 31 मे 2016 च्या पहाटे तिथे आग भडकली आणि अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. गोळीला वजन असते, तिला राखणारी माणसे असतात, हे इथल्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. पडद्यावर वेचलेल्या काडतुसांना मात्र ते वजन नाही.

परवा भाच्याने कॉस्मियम मिळविले. विजयाची अक्षरे झळकली तेव्हा दोन गडी अजून जिवंत होते. ते कोठे गेले, असे आम्ही विचारले. त्याने फोनवरून मान वर केली नाही. “असतीन तिथंच,” तो म्हणाला.